‘आठ दिवसांत रंग बसेल’ म्हणाले, आणि मी विश्वास ठेवला

श्रावणात फोंड्याच्या बाजारात स्कूटर घसरली आणि माझा वरचा पुढचा दात अर्धा तुटला. चतुर्थी तोंडावर आलेली, घरी माणसं येणार. त्या घाईत जवळच्याच एका दवाखान्यात रूट कॅनल करून घेतलं आणि झिरकोनियाच्या, म्हणजे आत धातू नसलेल्या पांढऱ्या सिरॅमिकच्या, कॅपचे ११,००० रुपये मोजले. धातूवर पोर्सिलेन चढवलेली कॅप निम्म्या पैशांत होत होती, पण पुढच्या दाताला तडजोड नको असं वाटलं.

रंग कसा ठरवला ते नीट सांगते. संध्याकाळचे सात, डोक्यावर ट्यूबलाइट, तासभर तोंड उघडं, गालात कापूस. दात तासून झाल्यावर डॉक्टरांनी शेडची, म्हणजे दाताच्या रंगछटेची, पट्टी क्षणभर शेजारच्या दाताला लावली आणि ‘ए वन’ ही फिकट छटा लिहून टाकली. दात सुकले की असतात त्याहून पांढरे दिसतात, हे तेव्हा मला कुठं ठाऊक!

कॅप आली ती थेट पक्की चिकटवली. घरी तुळशीपाशी उजेडात आरसा धरला, तर शेजारच्या दातापुढे चुन्यासारखी पांढरी. फोन केला तर म्हणाले, “आठ दिवसांत लाळेनं रंग बसेल, काळजी करू नका.” हे साफ खोटं होतं. भट्टीतून निघालेल्या कॅपचा रंग लाळेनं जुळून येत नाही. मी मात्र चतुर्थीभर तोंडावर पदर धरून आरत्या म्हटल्या.

सूज उतरली तशी हिरडीच्या कडेला करडी रेघ दिसू लागली. झिरकोनियाचं वॉरंटी कार्ड मागितलं, तर “लॅबकडून येईल.” ते आजतागायत आलेलं नाही. बिलावर पाहिलं तर नुसतं ‘कॅप १’.

शेवटी बांबोळीच्या दंत महाविद्यालयात गेले. कॅप कापली तेव्हा आत धातू चकाकला. तिथल्या डॉक्टरबाईंनी तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मला रडूच आलं.

नवी कॅप करताना त्यांनी सकाळी खिडकीपाशी बसवलं, लिपस्टिक पुसायला लावली, दात ओले असतानाच तीन पट्ट्या लावून पाहिल्या. ‘ए वन’ नव्हेच, माझा रंग त्याहून गडद ‘ए थ्री’च्या जवळचा, हिरडीपाशी गडद आणि टोकाला किंचित पारदर्शक. पट्टी दाताशेजारी धरून फोटो काढला, तो लॅबला पाठवला. रूट कॅनलचा दात आतून काळवंडला होता, तेही कळवलं. नाहीतर पातळ कॅपमधून तो काळेपणा दिसतो. आलेली कॅप न चिकटवता नुसती बसवली आणि मला आरसा देऊन व्हरांड्यात पाठवलं. मी ‘हो’ म्हटल्यावरच पक्की केली.

तुमचं काम चालू असेल तर बिलावर कॅप कशाची आणि शेड कोणती हे लिहून घ्या, कार्ड हातात पडल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मी ती करणार आहे. धातूचा तुकडा आणि ते ‘कॅप १’चं बिल एका डबीत जपून ठेवलंय.