लांडगे शेजारी, गॅरेज आपलं: मर्सी थॉम्पसनची पुस्तकं कुठून सुरू करावीत

आधी माझी चूक सांगते, कारण पुढची सगळी उठाठेव तिच्यामुळेच झाली. दोन वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘वेअरवुल्फ रोमान्स, पूर्ण सेट’ अशी जुनी सहा पुस्तकं मागवली. वेअरवुल्फ म्हणजे लांडग्याचं रूप घेणारी माणसं. खोका ऐरोलीला घरी आला. विक्रेत्याने हौसेने प्रत्येक पुस्तकावर चिकटी लावून १ ते ६ आकडे टाकले होते. १ नंबर होता ‘क्राय वुल्फ’ला. वाचायला घेतलं, तर नायिका-नायक अ‍ॅना आणि चार्ल्स यांची ओळख आधीच झालेली, शिकागोत काहीतरी भयंकर होऊन गेलेलं, चार्ल्स चांदीच्या गोळीने जखमी आणि अ‍ॅना सामान बांधून त्याच्यासोबत मोंटानाला निघालेली. लग्नाला जावं आणि पंगत उठलेली असावी, तसं झालं. पन्नास पानं रेटली आणि विक्रेत्याला मेसेज केला की आधीचं पुस्तक राहिलंय. उत्तर आलं, ‘मॅडम, हाच पहिला पार्ट आहे.’

त्याचंही सगळं चुकलं नव्हतं. ‘क्राय वुल्फ’ (२००८) हे ‘अल्फा अँड ओमेगा’ मालिकेचं पहिलं पुस्तक खरंच आहे. पण त्याच्या आधी, २००७ साली, ‘ऑन द प्राउल’ या कथासंग्रहात एक दीर्घकथा आली होती. तिचंही नाव ‘अल्फा अँड ओमेगा’च. अ‍ॅना-चार्ल्सची भेट, शिकागोचा कळप, ती गोळी, सगळं तिथे आहे. ती वेगळी ई-बुक म्हणून मिळते, मोबाइलवर घ्या आणि दोन संध्याकाळींत संपवा. तिच्याशिवाय ‘क्राय वुल्फ’ उघडू नका.

आणि ही झाली धाकटी मालिका. थोरली ‘मर्सी थॉम्पसन’. दोन्हींची लेखिका पॅट्रिशिया ब्रिग्ज, जग एकच, लांडगे एकाच भावकीतले. मर्सीची चौदा पुस्तकं, २००६च्या ‘मून कॉल्ड’पासून २०२४च्या ‘विंटर लॉस्ट’पर्यंत. अ‍ॅना-चार्ल्सची २०२४पर्यंत सहा. एकूण वीस आणि ती एक कथा. मी दीड वर्षात सगळी वाचली, बहुतेक गॅरेजच्या काउंटरवर.

गॅरेज आमचं वागळे इस्टेटला. हिशेब, जॉब कार्ड आणि गिऱ्हाइकांची कटकट माझ्याकडे, पाने-पकड नवऱ्याकडे आणि शेखचाचांकडे. मर्सी मला इतकी आवडायचं कारण हेच. ती मेकॅनिक आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या कोरड्या भागात, कोलंबिया नदीच्या काठी, केनेविक, पास्को आणि रिचलँड ही तीन गावं एकमेकांना चिकटलेली आहेत. तिथे तिचं जुन्या फोक्सवॅगन गाड्यांचं गॅरेज. ती वेअरवुल्फ नाही. ती माणसाची कोयोटी होते. कोयोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडचा चुलत भाऊ म्हणा. पण लहानपण गेलं मोंटानात वेअरवुल्फच्या गावात, त्यामुळे त्यांचे सगळे रीतिरिवाज तिला तोंडपाठ.

‘मून कॉल्ड’ सुरू होतं तेच गॅरेजमध्ये. मर्सी गाडीखाली असते आणि एक अनोळखी पोरगा काम मागायला येतो. उपाशी, मळलेला, पडेल ते काम करायला तयार. तिला वास येतो की हा माणूस नाही, लांडगा आहे, आणि आपण काय आहोत हे त्याला धड ठाऊकही नाही. हे वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवलं. आमच्या शटरशी अशी पोरं वर्षाला तीन-चार येतात. जालन्याहून, बीडहून, एकदा थेट नेपाळहून. काय येतं विचारलं की म्हणतात ‘सगळं येतं’, आणि हातात रिंग पाना दिला की कळतं. मर्सी त्याला काम देते. पुढच्या सगळ्या लढाया, मारामाऱ्या, व्हॅम्पायर एका पारड्यात टाका, मला ते पहिलं प्रकरण जड वाटतं.

झी नावाचा म्हातारा तर आमच्या शेखचाचांचा जुळा भाऊ शोभेल. गॅरेज मूळ त्याचं, मर्सीने त्याच्याकडून विकत घेतलं. तो आहे फे, म्हणजे त्यांच्याकडच्या यक्ष-गंधर्वांच्या जातीतला. बहुतेक फेंना लोखंड सोसत नाही, पण झी धातूचा कारागीर, लोखंड त्याच्या हातात मेणासारखं. तिसऱ्या ‘आयर्न किस्ड’चं नाव त्यावरूनच आलंय. चाचा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि सांगतात, ‘दोन नंबरचा टॅपेट.’ हेड उघडल्यावर दोन नंबरचाच निघतो. लेखिकेला गॅरेज कळतं ते अशा जागी. रोमान्सच्या पुस्तकात नायिकेच्या नखांत ग्रीस असतं आणि ते शेवटपर्यंत निघत नाही, हे मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आता रोमान्स. मर्सीच्या मागच्या कुंपणापलीकडे अ‍ॅडमचा बंगला. अ‍ॅडम तिथल्या कळपाचा अल्फा, म्हणजे म्होरक्या, घटस्फोटित, टापटिपीचा, मुलीचा बाप. मर्सीने त्याला खिजवायला म्हणून आपल्या अंगणात, बरोबर त्याच्या खिडकीसमोर, एक भंगार रॅबिट उभी करून ठेवलीय. रॅबिट म्हणजे आपण जिला गोल्फ म्हणतो तीच, अमेरिकेत हे नाव होतं. अ‍ॅडमने जास्त मालकी दाखवली की ती त्या गाडीची अजून थोडी दुर्दशा करते. प्रेम हळूहळू शिजतं, पहिल्या पुस्तकात तर जेमतेम फोडणी पडते. ज्यांना तिसऱ्या पानावर मिठी हवी असेल त्यांनी दुसरं काही बघावं.

क्रमाबद्दल लोक दोन मतं देतात: प्रकाशनाच्या वर्षाप्रमाणे, नाहीतर कथेतल्या काळाप्रमाणे. काळाप्रमाणे गेलात तर ‘मून कॉल्ड’नंतर लगेच अ‍ॅनाची दीर्घकथा, ‘क्राय वुल्फ’ आणि ‘हंटिंग ग्राउंड’ (२००९) येतात, आणि मग मर्सीचं दुसरं ‘ब्लड बाउंड’. मला हे पटत नाही. मर्सीशी नुकती ओळख होतेय, तोवर तिला सोडून दुसऱ्या राज्यात कशाला जायचं? माझं म्हणणं असं: ‘मून कॉल्ड’, ‘ब्लड बाउंड’, ‘आयर्न किस्ड’, ‘बोन क्रॉस्ड’ ही चार एका दमात वाचा. विशेषतः तिसरं आणि चौथं यांच्यात दुसरं पुस्तक घुसवू नका. ‘आयर्न किस्ड’च्या शेवटी मर्सीवर बलात्कार होतो. हे मी स्पष्ट लिहितेय, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. ते पान मी ट्रान्स हार्बरच्या गाडीत, दिघा गावच्या आसपास, उभ्याने वाचलं, आणि ठाण्याला उतरल्यावर नऊ नंबर प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून राहिले. लेखिका ते विसरून पुढे जात नाही. ‘बोन क्रॉस्ड’ तिथूनच सुरू होतं आणि मर्सीची धास्ती पुढेही पुस्तकामागून पुस्तक तिच्याबरोबर राहते. म्हणून ती दोन जोडून हवीत. भाचीने मागितली तेव्हा मी आधी हे सांगितलं, मगच पुस्तक दिलं.

चार झाली की मागे वळून अ‍ॅनाकडे जा: दीर्घकथा, ‘क्राय वुल्फ’, ‘हंटिंग ग्राउंड’. काळ थोडा मागचा असतो, त्याने काही बिघडत नाही. अ‍ॅना ओमेगा आहे, म्हणजे कळपाच्या उतरंडीबाहेरची. तिच्या नुसत्या असण्याने चिडलेले लांडगे निवतात. मग परत मर्सीकडे, ‘सिल्व्हर बोर्न’ आणि ‘रिव्हर मार्क्ड’. इथे एक नियम मात्र मोडू नका: ‘फेअर गेम’ (२०१२) हे ‘फ्रॉस्ट बर्न्ड’ (२०१३) च्या आधीच वाचायचं. ‘फेअर गेम’च्या शेवटी कोर्टात असा एक निकाल लागतो की फे लोक माणसांशी संबंध तोडतात आणि दोन्ही मालिकांचं जग पालटतं. माझ्याकडून हे उलटं झालं आणि शंभर पानं मी ‘हे सगळे एवढे का चिडलेत?’ म्हणत होते. पुढचा क्रम सोपा आहे: ‘नाइट ब्रोकन’, ‘डेड हीट’, ‘फायर टच्ड’, ‘सायलेन्स फॉलन’, ‘बर्न ब्राइट’, ‘स्टॉर्म कर्स्ड’, ‘स्मोक बिटन’, ‘वाइल्ड साइन’, ‘सोल टेकन’, ‘विंटर लॉस्ट’. प्रकाशनाचाच क्रम आहे, डोकं लावायला नको.

यातलं ‘नाइट ब्रोकन’ माझं लाडकं. अ‍ॅडमची पहिली बायको क्रिस्टी संकटात सापडते आणि त्याच्या आणि मर्सीच्याच घरी मुक्कामाला येते. गोड बोलते, स्वयंपाकघराचा ताबा घेते, आणि अर्धा कळप ‘आमच्या जुन्या वहिनी’ करत तिच्या बाजूला. मर्सीला राक्षसापेक्षा ओट्यावरची ही लढाई अवघड जाते. टीव्हीवरच्या मालिकांना हे वर्षभर खेचूनही इतकं नेमकं जमत नाही.

खटकलं तेही सांगते. अ‍ॅडम मर्सीला न विचारता कळपासमोर तिला आपली जोडीदार जाहीर करतो. तिला नंतर कळतं, ती चिडते, पण लेखिका त्याला फार स्वस्तात सोडते. कळपात बाईचा मान नवऱ्याच्या मानावर ठरतो. लेखिकेला हे चूक वाटतं हे दिसतं, तरी चौदा पुस्तकांत ते फारच सावकाश हलतं. मर्सीला जिवाची मैत्रीण म्हणावी अशी बाईही फारशी भेटत नाही, भेटतात त्या बहुतेक जळणाऱ्या. मुखपृष्ठांवर मर्सीचे हात गोंदणांनी भरलेले आणि कपडे बेताचे. पुस्तकात तिच्या अंगावर पोटावरचं एक पाऊल गोंदलेलं आहे, बस. गाडीत शेजारच्या काकू डोकावायला लागल्या तशी मी सगळ्यांना शाळेसारखी खाकी कव्हरं घातली आणि वर क्रमाने आकडे टाकले. बरोबर आकडे.

इंग्रजी सोपं आहे. शब्दकोश लागला तो फेंच्या नावांना, आणि त्याचा तिथेही उपयोग झाला नाही.

चहाच्या वेळी मी थोडं थोडं चाचांना सांगत असते. लांडग्यांत त्यांना रस नाही. म्हणतात, येऊरचे बिबटे पाहिलेत, तेवढं पुरे. पण त्या भंगार रॅबिटची गोष्ट ऐकल्यापासून ‘त्या पोरीचं काय झालं?’ हे रोज विचारतात. परवा म्हणाले, ‘तिला सांग, चाकं काढू नको. लोकांना वाटतं गाडी पंक्चर आहे. एका बाजूचा दरवाजा काढ. शेजारी रोज बघेल आणि रोज जळेल.’