खुला प्रोसेसर की कुलूपबंद? मराठवाड्याच्या उन्हात काय घ्यावं

ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवायची, मुभा असलेल्या 'खुल्या' प्रोसेसरला जास्त पैसे द्यावेत का, हे ठरवताना कंपन्यांनी मर्यादा कशासाठी घातल्यात ते आधी बघा.

इंटेलकडं ही मुभा दोनदा विकत घ्यावी लागते. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून मल्टिप्लायर (मूळ घड्याळाचा वेग ज्या आकड्यानं गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो) मुख्यतः नावात 'के' असलेल्या प्रोसेसरवरच खुला असतो आणि तो हलवायला झेड मालिकेच्या चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचा) महाग मदरबोर्ड लागतो. २०१६ च्या सुमारास काही बोर्डांनी बेस क्लॉक, म्हणजे ते मूळ घड्याळच, वाढवून 'के' नसलेला साधा स्कायलेक प्रोसेसरही पळवला, तर ती वाटही बायोसच्या (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटनं बुजवली गेली. हे कुलूप दरांच्या पायऱ्या राखण्यासाठी आहे आणि ते मला अजिबात पटत नाही.

एएमडीचे डेस्कटॉपवरचे बहुतेक रायझन प्रोसेसर खुले असतात. बी५५० चिपसेटच्या बोर्डावरही काम भागतं, ए५२० वर नाही. ५८००एक्स३डी मात्र २०२२ मध्ये बंदच आला, कारण प्रोसेसरच्या वर बसवलेल्या जादा कॅशला (चिपमधल्या झटपट मेमरीला) जास्त व्होल्टेज आणि उष्णता सोसत नव्हती. कॅश खाली गेल्यावर २०२४ चा ९८००एक्स३डी पूर्ण खुला झाला. अशी मर्यादा समजण्यासारखी आहे.

आता आपलं ऊन. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत, त्याच कूलरवर, ८५ च्या आसपास पोचतो. त्यात विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून शेवटच्या थोड्या मेगाहर्ट्झची किंमत उष्णतेत फार पडते. इंटेलचा आय५-१२६००के टर्बोत (कामाचा भार आला की आपोआप वाढणाऱ्या वेगात) मुळातच १५० वॅटपर्यंत ओढतो, कूलर वेगळा घ्यावा लागतो, आणि लाइट गेली की यूपीएसही लवकर उतरतो. रायझन ५ ५६०० हा ६५ वॅटचा, कूलर डब्यातच.

म्हणून इथं खुलेपणाचा खरा फायदा व्होल्टेज उतरवण्यात आहे. रायझनच्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या बायोसमधल्या सोयीत) वजा आकडे थोडे थोडे देत, प्रत्येक वेळी ताण देऊन तपासत गेलं, तर वेग तसाच राहून तापमान खाली येतं. मात्र ही सोय ज्यात येते तो पीबीओ (वेग आणि विजेच्या मर्यादा सैल करणारी एएमडीची सोय) सुद्धा एएमडीच्या नियमानं ओव्हरक्लॉकिंगच, आणि त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. इंटेलचंही तसंच, ओव्हरक्लॉकिंगसाठी वेगळं संरक्षण देणारी त्यांची योजना २०२१ मध्ये बंद झाली.

कशालाच हात लावायचा नसेल तर आय५-१२४००एफ आणि बी६६० बोर्ड पुरे. टर्बोची ११७ वॅटची मर्यादा बायोसमधून कमी करता येते. माझा कौल ५६०० आणि बी५५० ला. 'के' आणि झेडची जोडी एसीच्या खोलीत बसून रोज तासन्‌तास रेंडरिंग करणाऱ्यांनीच घ्यावी. बाकीच्यांनी तो फरक ग्राफिक्स कार्डात घालावा.