होडी बांधण्याचा सुरक्षा संच : माणसाला अडवतो, चढत्या पाण्याचा विचार मात्र करत नाही

साखळी, कुलूप, दोन लोखंडी मेखा आणि सौर दिवा असा होडी बांधण्याचा एक तयार संच आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेने छत्रपती संभाजीनगरच्या मोंढा परिसरातील एका हार्डवेअरच्या दुकानातून घेतला. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर तो भर पावसाळ्यात आणि भर उन्हाळ्यात वापरून झाला आहे. पैठण, गंगापूर, शेवगाव या तालुक्यांतील काठच्या गावांतून त्याविषयी विचारणा होत असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हा संच घ्यावा लागला त्याचे कारण काठावरच्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. संध्याकाळी जाळी टाकून होड्या काठाला लागतात आणि पहाटे जाळी उचलण्यासाठी पुन्हा पाण्यात जातात. मधल्या रात्रीच्या तासांत होडीजवळ कोणीही नसते आणि नेमक्या त्याच वेळी काठावर दारूच्या पार्ट्या बसतात. बाटल्या होडीच्या तळात फोडल्या जातात, दोर कापून होडी सोडून दिली जाते, वल्ही शेकोटीत जातात, वाळत घातलेली जाळी नाहीशी होतात. बॅकवॉटरच्या काठावर शेतकऱ्यांच्या विद्युत मोटारी आणि केबल चोरीला जाण्याचे प्रकार वर्षानुवर्षे चालू आहेत. ज्यांची नजर तांब्याच्या तारेवर असते त्यांची नजर होडीवरही जाते. परंतु मला सर्वांत जास्त धास्ती चोरीची वाटत नाही. प्यालेली चार मुले गंमत म्हणून न बांधलेली होडी खोल पाण्यात घेऊन गेली, अंगात लाइफ जॅकेट नाही, वल्हवता येत नाही, आणि वारा सुटला, तर काय होईल याची कल्पना या जलाशयावर ज्याने एकदाही वारा अनुभवला आहे त्याला करता येईल. होडी गेली तर दुसरी होडी करता येते. आमच्या होडीतून कोणाचे मूल बुडाले तर ते आयुष्यभराचे ओझे होईल, मग ते मूल कितीही दंगेखोर असो. म्हणून होडीला कुलूप लावणे हे माझ्या मते केवळ मालमत्तेचे रक्षण नाही.

आता वस्तूंकडे वळतो. साखळी आठ मिलिमीटर जाडीची, आखूड कड्यांची आणि जस्त चढवलेली आहे. अशी साखळी मीटरमागे साधारण १.४ किलो भरते, म्हणजे संचातील दहा मीटरचा गुंडाळा सुमारे चौदा किलोचा होतो. हार्डवेअरच्या दुकानात साखळी किलोच्या भावाने मिळते, त्यामुळे वजन काट्यावर पाहूनच घ्यावी. वजन कमी भरले तर कडीची जाडी सांगितल्यापेक्षा कमी आहे हे लगेच कळते. जस्ताचा थर चांगला निघाला. ज्या ठिकाणी साखळी दगडावर घासते तेवढ्या दोन-तीन कड्यांवरच गंज आला आहे. दोराऐवजी साखळी घ्यावी का, असा प्रश्न आमच्याकडेही निघाला होता. नायलॉनचा दोर ताणला जातो, लाटेचा हिसका स्वतःच्या अंगावर घेतो आणि होडीच्या कडीला जपतो. साखळीत तो गुण नाही. पॉलिप्रोपिलीनचा स्वस्त दोर पाण्यावर तरंगतो हे खरे, पण मराठवाड्याच्या उन्हात तो एका उन्हाळ्यात झडू लागतो. दोर कोणताही असला तरी खिशातला चाकू त्याला पुरेसा होतो. म्हणून आम्ही दोन्ही ठेवतो : रोजचा ताण नायलॉनच्या दोरावर येतो आणि साखळी रात्रीच्या पहाऱ्यासाठी सैल असते.

कुलूप या संचातील सर्वांत चांगली वस्तू आहे. त्याची कडी दोन्ही बाजूंनी पोलादी खांद्यांत झाकलेली असल्यामुळे कटरची पाती तिच्यावर धड बसतच नाहीत. आमच्या एका कुलपावर करवतीच्या पात्याचे चार उभे ओरखडे आहेत. ओरखडे वरच्या चकाकत्या थरापर्यंतच गेले, आतल्या कठीण पोलादाने पाते पुढे जाऊ दिले नाही आणि ज्याने प्रयत्न केला तो कंटाळून निघून गेला, एवढे त्या खुणांवरून वाचता येते. दोष आहे तो किल्लीच्या छिद्रात. नाथसागराचा गाळ पिठासारखा बारीक असतो आणि छिद्र वर तोंड करून राहिले की तो आत जाऊन बसतो. तेल सोडल्यास गाळ त्या तेलालाच चिकटतो आणि किल्ली अधिकच अडते. कोरड्या ग्राफाइटची भुकटी वापरली आणि कुलूप छिद्र खाली येईल असे लटकवले की काम सुरळीत चालते. दुकानदाराने यातले काहीच सांगितले नव्हते. रबराचे झाकण असलेले कुलूप मागून घ्यावे.

फायबरच्या होडीला कुलूप अडकवण्यासाठी जी कडी बसवावी लागते, तिच्या आतील बाजूला रुंद लोखंडी पट्टी दिलीच पाहिजे. नुसत्या नट-बोल्टवर बसवलेली कडी दोन धटिंगणांनी एकदम ओढली तर फायबरच्या पत्र्यासकट बाहेर येते, आणि मग साखळी शाबूत, कुलूप शाबूत आणि होडी मात्र गेलेली अशी अवस्था होते. संचात ही पट्टी नाही. ती असायला हवी होती.

मेखांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. तीन फुटांची मेख मुरमाड जमिनीत ठीक आहे, पण आमची जमीन काळी आहे. ओली झाली की ती फुगते आणि मऊ पडते, वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दोन्ही अवस्थांत एकटी मेख हलवून हलवून उपटता येते. होडीच्या विरुद्ध बाजूला डोके झुकवून तिरपी ठोकलेली मेख जास्त धरते, आणि दोन मेखा एकाच कडीतून परस्परांना छेद देत ठोकल्या तर एकट्या माणसाला त्या सहज निघत नाहीत. तरीही मेख ही दिवसाच्या थांब्याची वस्तू आहे, रात्रीची नव्हे.

यानंतर जो मुद्दा येतो त्यासाठीच मी हे परीक्षण लिहायला घेतले. संचाच्या खोक्यावर सूचना छापली आहे की साखळी ताणून बांधावी, तिला ढील ठेवू नये आणि ती जमिनीला टेकू देऊ नये. चोरीच्या दृष्टीने ही सूचना अगदी बरोबर आहे, कारण साखळी जमिनीवर पडलेली असली की कटरची एक मूठ जमिनीला टेकवून दुसरीवर अंगाचा सगळा भार देता येतो. परंतु ही सूचना लिहिणाऱ्याने मोटारसायकल डोळ्यांसमोर ठेवली असावी. होडी ज्या पाण्यावर उभी असते ते पाणी हलते, याचा विचार तिच्यात नाही. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत मुसळधार पाऊस झाला की गोदावरी आणि प्रवरेचे पाणी नाथसागरात येते, आणि आमच्याकडे थेंबही पडलेला नसताना रात्रीतून पाणी चढते. काठाचा उतार शंभराला एक असला तर पाणी एक फूट चढताच काठ शंभर फूट मागे सरकतो. संध्याकाळी कोरड्यात असलेली मेख पहाटे पाण्याखाली असते, आणि आखूड ताणून कुलूपबंद केलेली होडी वर येऊ न शकल्यामुळे तोंडाकडून खाली ओढली जाते. संस्थेतील एका ज्येष्ठ मामांनी संच पाहताच हेच विचारले होते : “कुलूप लई भारी हाय, पण पाणी चढल्यावर अंधारात बुडून ते उघडायचं कुनी?” धरणाच्या खालच्या अंगाला, पैठणच्या घाटांवर, हा धोका आणखी मोठा आहे, कारण धरणाच्या २७ दरवाजांतून विसर्ग वाढला की तेथे पाणी चढायला रात्रही लागत नाही. २००६ चा पूर ज्या पैठणकरांनी पाहिला त्यांना हे वेगळे सांगायला नको. नांदेडला विष्णुपुरी धरणाच्या खाली होड्या लावणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये कालव्यांवर लांबट, अरुंद होड्या बांधून त्यांतच राहणारी किंवा सुटी घालवणारी माणसे पुष्कळ आहेत. २०१२ पासून तेथील बहुतेक कालव्यांची देखभाल कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था पाहते. तेथेही रात्री टवाळखोर दोर सोडतात, मेखा उपटतात, आणि शहरी भागांत जलपाशाची (होडीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या हौदाची) झडप उघडून ठेवतात. मग दोन जलपाशांमधला कालव्याचा टप्पा रिकामा होतो आणि घट्ट बांधलेली होडी कठड्याला लटकून कलंडते. म्हणून काही ठिकाणी झडपांना खास किल्लीशिवाय न उघडणारे कुलूप बसवलेले असते. तेथील अनुभवी लोक दोर काठावरच्या कडीतून ओवून परत होडीवर आणतात आणि गाठ होडीवरच मारतात, म्हणजे काठावरून चालत जाणाऱ्याच्या हाताला गाठ लागत नाही. होडी शक्यतो इतर होड्यांच्या सोबतीने लावतात, पुलाखाली किंवा वाहनतळाशेजारी एकटी ठेवत नाहीत. दारू प्यायलेल्या टोळक्याशी वाद घालत नाहीत. जमले तर होडी पुढे नेतात आणि पोलिसांना कळवतात. आपला जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर लांब असला तरी त्यांत आवर्तनापुरते पाणी असते आणि होड्या चालत नाहीत, त्यामुळे कालव्यावरच्या होडीचा अनुभव आपल्याकडे नाही. गाठ होडीवर मारण्याची पद्धत मात्र आम्ही लगेच उचलली, आणि नायलॉनचा दोर आता तसाच बांधतो.

पाण्याच्या पेचावर आम्ही जो उपाय केला तो संचात नाही, पण त्याशिवाय हा संच घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. काँक्रीटमध्ये उभा केलेला दोन इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, त्यावर सहज वरखाली सरकणारी जाड लोखंडी कडी, आणि कडी वरून काढून घेता येऊ नये म्हणून पाइपाच्या डोक्यावर वेल्डिंग केलेली चौकोनी प्लेट, एवढेच ते आहे. साखळीचे कुलूप या सरकत्या कडीला लागते. पाणी चढले की होडीबरोबर कडी वर येते, उतरले की खाली जाते, आणि साखळीला जमिनीला टेकण्याइतकी ढील द्यावी लागत नाही. पाइपाला वेल्डिंगची गाठ किंवा पोचा राहू देऊ नये, कारण कडी तेथेच अडकते. नाथसागराचे पाणी दिवाळीपासून जूनपर्यंत मागे मागे जात असल्यामुळे एकाच ओळीतले पाइप पुरत नाहीत. काठाच्या उतारावर वेगवेगळ्या पातळीला त्यांच्या ओळी कराव्या लागतात. गाळपेर करणाऱ्या, म्हणजे पाणी मागे गेल्यावर उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पीक घेणाऱ्या, शेतकऱ्यांच्या नांगराला ते आडवे येणार नाहीत अशी जागा त्यांना विचारूनच ठरवावी. त्यांना मोटारींची राखण करायची असते आणि आम्हाला होड्यांची, त्यामुळे त्यांच्या मोटारींच्या जवळ पाइप उभे करण्यात दोघांचेही हित निघाले.

सौर दिव्याविषयी थोडक्यात. माणूस जवळ आला की उजळणारा हा दिवा सतत पेटत राहणाऱ्या दिव्यापेक्षा नक्कीच चांगला, कारण सतत उजेड असला की टोळक्याला बसायला आयती जागा मिळते, आणि अचानक अंगावर पडलेल्या उजेडाने माणूस दचकतो. पण त्याचा सेन्सर माणसाच्या शरीराची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतील फरक ओळखतो. मे महिन्यात रात्री नऊ वाजताही हवा अंगाइतकीच तापलेली असते, तेव्हा हा दिवा अगदी जवळ येईपर्यंत पेटत नाही. हिवाळ्यात तोच दिवा लांबून कुत्रे दिसले तरी पेटतो. पाणी आणि धूळ यांपासूनच्या संरक्षणाचा आयपी ६५ हा दर्जा खांबावर लावण्यासाठी पुरेसा आहे, मात्र होडीवर लावायचा तर पाण्यात बुडूनही काही वेळ टिकणारा आयपी ६७ दर्जा हवा. दिव्याचे तोंड काठाकडे करावे, पाण्याकडे नव्हे. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात परदेशी पाहुणे उथळ पाण्यातच रात्र काढतात, आणि आपल्या होडीसाठी त्यांची झोपमोड होऊ नये असे मला मनापासून वाटते.

दुकानदार संचासोबत मोबाइल सिमवर चालणारे जीपीएस यंत्रही सुचवतो. ते घ्यायचेच असेल तर टू-जी आहे की फोर-जी हे आधी पाहावे, कारण काठावर ज्या कंपनीचे नेटवर्क चांगले येते तिच्याकडे टू-जी नसेल तर यंत्र मुकेच राहते. शिवाय होडी बुडवली गेली तर पाण्याखालून ते काहीच कळवू शकत नाही. आम्ही ते घेतले नाही. त्याऐवजी प्रत्येक होडीचा क्रमांक बाहेर ठळक रंगवला, आतल्या फळीखाली दुसरी गुप्त खूण केली आणि सर्व बाजूंचे फोटो संस्थेच्या दप्तरात ठेवले, कारण तक्रार देताना पोलीस पहिल्यांदा ओळख पटवणारी खूणच विचारतात. काठावर धिंगाणा चालू असेल तर संस्थेच्या तरुणांनी काठ्या घेऊन जाऊ नये, ११२ वर फोन करावा आणि पोलीस पाटलांना कळवावे, हा नियम आम्ही ठरावात लिहून घेतला आहे.

ज्यांना हा संच घ्यायचा आहे त्यांनी कुलूप आणि साखळी अवश्य घ्यावी, मेखा व दिवा वगळून किंमत कमी करून मागावी आणि वाचलेल्या पैशांत पाइप, सरकती कडी व होडीच्या आतली पट्टी वेल्डरकडून करून घ्यावी. कुलपाला तीन किल्ल्या मिळतात. एक होडीवाल्याकडे, दुसरी संस्थेत आणि तिसरी काठाला सर्वांत जवळ राहणाऱ्या माणसाकडे ठेवावी, म्हणजे रात्री पाणी चढू लागले तर कोणी ना कोणी वेळेत कुलूप काढू शकेल.