मोदकाचा साचा: मुलांच्या हातात द्यायचा तर कोणता?

गणपतीच्या आधी भांड्यांच्या दुकानात मोदकाच्या साच्यांची टोपली पुढे येते. त्यात प्लॅस्टिकचे, अ‍ॅल्युमिनियमचे किंवा पितळेचे आणि आता सिलिकॉनचेही साचे दिसतात. मोठ्या माणसाचं यांपैकी कशावरही भागतं. शेजारी सहा-सात वर्षांचं मूल बसणार असेल, तर प्लॅस्टिकचा, तळाशी उघडा आणि लहान मापाचा साचा घ्यावा.

माप लहान का, तर त्यात जेमतेम 15 ग्रॅम मिश्रण मावतं. म्हणजे 21 मोदकांच्या नैवेद्याला सव्वातीनशे ग्रॅम पुरतं, आणि एवढं मिश्रण मुलांचा उत्साह टिकेपर्यंत संपतं. मोठ्या साच्यात दुप्पट माल जातो, इवलं बोट मोदकाच्या नाकापर्यंत, म्हणजे टोकापर्यंत, पोचत नाही आणि तिथे पोकळी राहते. साचे एकाच मापाचे नसतात, म्हणून पहिला मोदक वजनकाट्यावर ठेवून बघा आणि मग प्रमाण धरा.

दुकानात साचा मिटून उजेडाकडे धरा. जोडावर फट दिसली तर तो परत टोपलीत टाका, कारण त्या फटीतून मिश्रण बाहेर येतं आणि मोदकाला दोन्ही बाजूंनी पंख फुटतात. पाकळ्यांच्या खाचांत नख रुतायला हवं. उथळ खाचांचा मोदक बाहेर आल्यावर भोवऱ्यासारखा दिसतो. बिजागरी ही प्लॅस्टिकचीच दुमडलेली पातळ पट्टी असेल तर साचा सर्वांत आधी तिथेच मोडतो. खुंटी घातलेली बिजागरी जास्त टिकते. खटका मुलाच्या बोटांनी लागतो का, हेही तिथेच बघून घ्या.

अ‍ॅल्युमिनियमचा साचा टिकाऊ असतो, पण मिटताना बोट चिमटतं आणि नव्या साच्यातल्या पहिल्या मोदकांना करडी छटा येऊ शकते. तो गरम पाण्याने धुऊन, तूप चोळून, फडक्याने दोनदा पुसून घ्यावा. पितळेच्या साच्यात पाकळ्या सुरेख उठतात, पण तो जड असतो आणि दरवर्षी घासून चकचकीत करायची तयारी लागते. सिलिकॉनला बिजागरीच नसते. त्यात वितळवलेलं चॉकलेट ओतून पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलं की मोदक सहज सुटतो. खव्याला मात्र तो निरुपयोगी आहे: दाबलं की साचाच फाकतो आणि पाकळ्या बोथट येतात.

आता आत काय भरायचं ते. गॅसजवळ जायचंच नसेल तर डाळ्याचे मोदक करा. पंढरपुरी डाळं मिक्सरमध्ये बारीक करून चाळून घ्या. हे पीठ 160 ग्रॅम, पिठीसाखर 85 ग्रॅम, पाव चमचा वेलदोड्याची पूड आणि पातळ केलेलं पण गरम नसलेलं साजूक तूप साधारण 75 ग्रॅम. तूप एकदम ओतू नका. थोडं थोडं घालत मुलाला मूठ वळायला सांगा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला की थांबा. तूप कमी पडलं तर मोदकाचं नाक साच्यातच राहतं. जास्त झालं तर मोदक ताटलीत बसका होतो; अशा वेळी दोन चमचे पीठ वाढवावं. डाळं न चाळता घेतलं तर कण्या राहतात आणि मोदक पाकळीवरच तडकतो.

खव्याच्या मोदकांना 250 ग्रॅम घट्ट खवा आणि 100 ग्रॅम पिठीसाखर. खवा मोडून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता, कडा सोडून गोळा होऊ लागला की उतरवा. हे काम मोठ्यांचं. नंतर खवा कोमट होईपर्यंत थांबायचं, आणि बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. गरम खव्यात साखर घातली की ती विरघळते, मिश्रण सैल पडतं आणि साच्याला चिकटतं. तसं झालंच तर पुन्हा मंद आचेवर आटवा किंवा दोन चमचे दूध पावडर मळून घ्या. उलट खवा पार गार झाला तर दोन वेळा भरलेले थर एकमेकांना धरत नाहीत आणि मोदक मधोमध दुभंगतो. कोमट तुपाचा हात लावून पुन्हा मळला की जमतं.

भरायची रीत अशी: साच्याच्या आत तुपाचं बोट फिरवा, नुसतं ओशट करायचं, थेंब साचू द्यायचा नाही. साचा मिटून उलटा धरा. आधी सुपारीएवढी गोळी नाकात दाबा, मग उरलेलं भरा आणि तळ अंगठ्याने सपाट करा. बाहेर आलेलं मिश्रण साचा उघडण्याआधी पुसायचं. मुलं साचा उघडून मोदक वर ओढतात आणि नाक तुटतं. त्याऐवजी साचा ताटलीवर उभा ठेवून, एक बाजू उघडून, मोदक आडवा हातावर घ्यायचा. चार-पाच मोदकांनंतर साचा कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा तूप लावा. घरात अगदी लहान मूल असेल तर काजू-बदामाचे तुकडे न घालता पूड घाला.

उकडीच्या मोदकांसाठी साचा घेणार असाल तर अपेक्षा माफक ठेवा. साच्याच्या भिंतीला उकड थापून, सारण भरून, तळ बंद केला की मोदक होतो खरा, पण नाकाशी उकडीचा भरीव गड्डा राहतो. हातवळणीच्या मोदकाची पातळ पारी साच्यात येत नाही. शिवाय उकड गरम असतानाच मळावी आणि वापरावी लागते, ते मुलांचं काम नव्हे. स्वस्त प्लॅस्टिकला ती उष्णता द्यायलाही नको. कोरडी पडलेली उकड वाफवताना जोडावर फाटते आणि गूळ चाळणीत उतरतो. मुलांना हवीच असेल तर उरलेल्या कोमट उकडीची निवगरी, म्हणजे तिखटमिठाची चपटी वडी, थापायला द्या.

भाद्रपदाच्या दमट हवेत खव्याचे मोदक त्याच दिवशी संपवावेत किंवा फ्रिजमध्ये ठेवावेत. डाळ्याचे बंद डब्यात आठवडाभर राहतात. साचा कोमट साबणपाण्यात भिजवून जुन्या मऊ ब्रशने खाचा साफ करा. तारेची घासणी लावली की प्लॅस्टिकवर चरे पडतात आणि पुढच्या वर्षी खवा त्या चऱ्यांत अडकतो. साचा उघडा ठेवून पूर्ण वाळल्यावरच मिटावा. ओला मिटलेला साचा पुढच्या गणपतीला कुबट वास घेऊन बाहेर येतो.