क्युब्स ओएस : नको असलेले क्यूब काढून टाकताना

फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या एका जुन्या टेम्प्लेटची, म्हणजे ज्यातून प्रोग्राम पुरवले जातात त्या साच्याची, मुदत संपल्यावर मी ते काढायला गेलो, तेव्हा क्युब्स ओएस या संगणकाच्या कार्यप्रणालीने ते काढण्यास स्पष्ट नकार दिला. तो नकार मला या प्रणालीतील काढून टाकण्याच्या सोयीचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

योआना रुटकोव्स्का यांनी २०१० मध्ये जाहीर केलेली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पहिल्या पूर्ण आवृत्तीपर्यंत पोहोचलेली ही प्रणाली झेन या हायपरव्हायझरवर, म्हणजे एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामवर, उभी आहे. तिच्यात प्रत्येक कामासाठी वेगळे व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) असते आणि त्यालाच क्यूब म्हणतात. पत्रव्यवहाराचे एक, बँकेच्या व्यवहारांचे एक, एखादा अनोळखी प्रोग्राम तपासून पाहण्यासाठी आणखी एक, असे क्यूब सहज वाढत जातात आणि काही महिन्यांत यादीतील निम्मी नावे कशासाठी होती हेही आठवत नाही. नव्या टेम्प्लेटची भर तर पडतच राहते, कारण फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे १३ महिनेच सुधारणा (अपडेट) मिळतात.

साधा क्यूब काढणे अतिशय सुटसुटीत आहे. क्यूब आधी बंद करावा लागतो. चालू क्यूब काढता येत नाही. त्यानंतर क्यूब मॅनेजरमधून तो काढण्याची सूचना दिली, की समोर आलेल्या चौकटीत त्या क्यूबचे पूर्ण नाव स्वतः टाइप करावे लागते. केवळ ‘हो’ म्हणून भागत नाही. एकसारख्या नावांच्या रांगेत चुकीच्या ओळीवर क्लिक होण्याची शक्यता ज्याने अनुभवली आहे, त्याला या छोट्या अडथळ्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. डॉम झीरो या सर्व क्यूबचे नियंत्रण करणाऱ्या मुख्य भागाच्या टर्मिनलमध्ये ‘क्यूव्हीएम-रिमूव्ह’ ही आज्ञाही हेच काम करते, परंतु ती नाव लिहून घेत नाही, फक्त होकार विचारते. म्हणून अनेक क्यूब एकदम काढायचे नसतील तर मी खिडकीचाच मार्ग पत्करतो.

नेमके काय नाहीसे होते, हे मात्र काढण्यापूर्वी समजून घ्यावे. ॲप क्यूबचा, म्हणजे रोजच्या कामाच्या साध्या क्यूबचा, स्वतःचा असतो तो केवळ खासगी साठा, म्हणजे मुख्यतः होम फोल्डर. ब्राउझर, ऑफिस वगैरे प्रोग्राम टेम्प्लेटमधून येतात. त्यामुळे ॲप क्यूब काढल्याने कागदपत्रे आणि ब्राउझरमधील नोंदी जातात, प्रोग्राम जागच्या जागी राहतात आणि डिस्कवर मोकळी होणारी जागाही तेवढ्याच मर्यादेत असते. खरी जागा जुनी टेम्प्लेट काढल्यावर मिळते. कोणताही क्यूब काढण्यापूर्वी त्याचा एनक्रिप्टेड बॅकअप घेण्याची सोय याच प्रणालीत आहे आणि ती मी प्रत्येक वेळी वापरतो, कारण काढलेला क्यूब परत आणण्याची दुसरी कोणतीही सोय नाही.

आता त्या नकाराविषयी. माझे सर्व नेहमीचे क्यूब मी नव्या टेम्प्लेटवर हलवले होते; तरीही जुने टेम्प्लेट वापरात असल्याचे उत्तर आले आणि सोबत कोण वापरते आहे त्याची यादीही आली. टेम्प्लेटमधील सुधारणा पार पाडण्यासाठी पडद्यामागे चालणारा ‘डिफॉल्ट-एमजीएमटी-डीव्हीएम’ हा क्यूब अजून त्याच जुन्या टेम्प्लेटवर टेकलेला होता आणि तो माझ्या ध्यानातच आला नव्हता. नेटवर्क पुरवणारा क्यूब, डिस्पोजेबल म्हणजे तात्पुरत्या क्यूबसाठी ठरवलेला क्यूब, संपूर्ण प्रणालीचे ठरावीक टेम्प्लेट, घड्याळ जुळवणारा क्यूब, या सर्व नात्यांची तपासणी याच पद्धतीने होते. एक दोरा जरी अडकलेला असला तरी प्रणाली हात आखडता घेते, आणि सुरक्षिततेसाठी बांधलेल्या प्रणालीने तसेच वागायला हवे.

टेम्प्लेटच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. ते पॅकेजच्या, म्हणजे इन्स्टॉल करण्याच्या तयार गठ्ठ्याच्या, रूपाने आले असल्याची खूण त्याच्या गुणधर्मांत असेल, तर साधी काढण्याची आज्ञा चालत नाही. पॅकेज काढण्याच्या मार्गाने जावे लागते, किंवा ती खूण आधी बदलावी लागते. हे नवख्याला उमगण्यासारखे नाही. काढलेल्या क्यूबची नावे कधीकधी मेनूत उरतात, ती डॉम झीरोतील शॉर्टकटच्या फायली पुसून घालवता येतात. ही बाब किरकोळ आहे.

किरकोळ नसलेली उणीव वेगळीच आहे. परस्परावलंबनाची तपासणी क्यूबच्या गुणधर्मांपुरती होते. परवानग्यांच्या पॉलिसी फायलींमध्ये लिहिलेली नावे ४.२ या आवृत्तीत तिच्या कक्षेत येत नाहीत. टेम्प्लेटच्या सुधारणा ‘सिस-हूनिक्स’मधून (ओळख लपवणाऱ्या टॉर जाळ्यातून इंटरनेट पुरवणाऱ्या हूनिक्सच्या क्यूबमधून) आणण्याचा नियम लिहिलेला असताना तो क्यूब काढला, तर नियम तसाच राहतो आणि सुधारणा येणे थांबते. सुरक्षिततेच्या दृष्टीने सुधारणा न येणे हीच गंभीर गोष्ट असल्यामुळे हूनिक्स काढणाऱ्याने त्या फायली आधी तपासाव्यात.

काढलेल्या क्यूबमधील माहिती त्याच क्षणी डिस्कवरून पुसली जाते, असेही समजू नये. मोकळे झालेले भाग पुन्हा वापरले जाईपर्यंत जुनी माहिती तिथे असू शकते. संपूर्ण डिस्क एनक्रिप्टेड असल्याने ती परक्याच्या हाती लागत नाही, पण डिस्कचा पासफ्रेज ज्याच्याजवळ आहे त्याच्यापासून ती लपत नाही. काम संपताच आपोआप नाहीशा होणाऱ्या डिस्पोजेबल क्यूबनाही हेच लागू आहे.

या मर्यादा धरूनही काढण्याची ही सोय मला भरवशाची वाटते. पुढच्या आवृत्त्यांकडून माझी मागणी एवढीच आहे, की नकाराच्या यादीतील प्रत्येक नावापुढे तिथल्या तिथे दुसरा क्यूब निवडण्याची जागा असावी आणि पॉलिसीतील उल्लेखही त्याच यादीत दिसावेत.