तारा लगेच सुरात राहिल्या, तिथेच समजायला हवं होतं

गणेश चवथीला पंधरा दिवस होते तेव्हा मी माझ्या युकुलेले बासच्या तारा बदलून घेतल्या आणि ३१०० रुपयांना गंडलो. हे छोटं बास कोणी वाजवत असेल तर वाचून ठेवा. मला गंडवणाऱ्याने जवळजवळ सगळं खरंच सांगितलं होतं, म्हणून लिहितोय.

आमच्या भजनी मंडळात पेटी, तबला, टाळ आणि कोपऱ्यात मी. मोठी बास गिटार पावसात स्कूटरवरून न्यायची म्हणजे जिवावर येतं, म्हणून हे घेतलं. मोठ्या बासची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंच, याची जेमतेम २१. तारा जाड रबरी, त्यामुळे एवढ्याशा लांबीत खालचा ई ४१ हर्ट्झपर्यंत उतरतो. तारांत लोखंड नाही, म्हणून तारेचा आवाज उचलणारा चुंबकाचा पिकअप चालत नाही. तारा जिथे टेकतात त्या ब्रिजखाली पिएझो असतो, तो तारेची थरथर पकडतो. आणि पावसाळ्यात घामाने या तारा अशा चिकट होतात की बोट सरकवलं तर ओल्या फरशीवर चप्पल घासल्यासारखा आवाज येतो. माझं तेच झालं होतं.

फोंड्यातला एक मित्र म्हणाला, मोठ्या बासच्या तारा आण आणि कापून लाव. ते मात्र ऐकलं नाही. तीच तार २१ इंचांवर त्याच सुरात लावली तर ताण दोन-पंचमांशही उरत नाही. तार लोंबते, पडद्यांवर खडखडते. शिवाय रबरी तारेसाठी कोरलेल्या रुंद खाचेत ती बारीक तार हलत राहते ते वेगळंच.

मग मडगावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने तारेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "बाब, ह्यो तारो सोंपल्यो." म्हणजे या तारा संपल्या. इटलीचा सेट आहे म्हणाला, २८०० रुपये, लावायचे ३००. काउंटरच्या आतून पाकीट दाखवलं. हातात दिलं नाही, मीही मागितलं नाही. आमच्याकडे घुमट, म्हणजे मडक्याला चामडं लावलेलं वाद्य, घेताना म्हातारी माणसं मडक्याला टिचक्या मारून बघतात, चामडं खेचून बघतात, घोरपडीचं बंद झालं तेव्हापासून बकऱ्याचं नीट ताणलंय का म्हणून दुकानदाराचं डोकं खातात. आणि मी पाकीट न उघडता पैसे मोजले.

"नव्या तारा आठ-दहा दिवस उतरत राहतील, घाबरू नका," हेही त्यानेच सांगितलं. संध्याकाळी वाद्य घ्यायला गेलो तर तारा गुळगुळीत, वर पांढरी पावडर. "रबराला टाल्कम लागतंच." खरं आहे, लागतं. जुन्या तारा? टाकल्या. बिल? बिल केलं तर जीएसटी वाढेल, बाब.

घरी आल्यावर कमालच झाली. तारा उतरेचनात! दुसऱ्या दिवशी सुरात, चौथ्या दिवशी सुरात, चवथीच्या आरतीलाही सुरात. काय हात आहे या माणसाचा, असं मी मंडळात चार जणांना सांगितलं. बास शिकणाऱ्या एका पोराला तर हट्टाने त्याच्याकडे पाठवलं.

तीन आठवड्यांनी वाजवून वाजवून पावडर उडाली आणि काळ्या तारा पुन्हा काळ्या दिसायला लागल्या. फक्त ए तारेवर, सातव्या पडद्याच्या जरा अलीकडे, एक पांढरा ठिपका राहिला. पुसला तरी जाईना. नख लावलं तर खड्डा. गेल्या वर्षी आरतीत अगरबत्तीचा निखारा पडून माझ्या ए तारेला अगदी असाच खड्डा पडला होता, बरोबर सातव्या पडद्यावर. तार काढून पुन्हा लावताना थोडी जास्त खेचली गेली, खड्डा बोटभर सरकला आणि त्यात टाल्कम भरून बसलं. माझ्याच तारा पुसून, पावडर लावून, मलाच विकल्या होत्या.

विचारायला गेलो तर म्हणाला, नव्या मालातही असा डाग असतो. बिल नाही, जुन्या तारा नाहीत, काय बोलणार? पुढच्या वेळी मजुरी घेणार नाही, एवढं औदार्य त्याने दाखवलं.

या वेळी सेट मागवला आणि घरीच लावला. पाकिटावर याच स्केलचा उल्लेख आहे ना ते आधी पाहिलं. एका वेळी एकच तार काढली. ब्रिजमध्ये गाठ नीट बसली की तार हाताने खेचून धरायची आणि मगच खुंटी फिरवायची, नाहीतर हे रबर ताणलं जाऊन खुंटीवर ढीगभर वेढे होतात आणि खुंटी अडते. दोन वेढे पुरे. उरलेलं टोक लगेच कापू नका, मी दहा दिवसांनी कापलं. आणि त्या दहा दिवसांत तारांनी जीव खाल्ला! सकाळी लावलेला ई दुपारी जेवून येईतो अर्धा सूर खाली. मोबाईलवरचा ट्यूनर सतत चालू.

त्या पोराला फोन केला. तुझ्या तारा सुरुवातीला किती दिवस उतरत होत्या रे?

"उतरल्याच नाहीत, काका," तो म्हणाला. "काय हात आहे हो त्या माणसाचा!"