चौकोनी टरबुजाचा साचा: काकडीला बिनधास्त, टरबुजाला वजन पाहून

पारदर्शक प्लास्टिकचे दोन भाग फळाभोवती नटबोल्टनं आवळायचे, असा हा साचा. आकार देण्याचं काम तो चोख करतो. प्रश्न गोडीचा आहे.

डब्यामुळे साखर अडत नाही. ती पानांत तयार होऊन देठावाटे येते. घोळ मापाचा आहे. आतून १५ सेंमीच्या डब्यात ३,३७५ घनसेंमी जागा, म्हणजे जेमतेम सव्वातीन किलोचं फळ. टरबूज आधी फुगतं, साखर मुख्यतः शेवटी भरते. पाच किलोचं वाण फुगता फुगताच डबा भरतं. मग आतला दाब सालीवर येतो, साल तडकते नाहीतर डबा उलतो. ते टाळायला फळ कच्चं तोडलं, तर तोडल्यावर टरबुजात गोडी वाढत नाही. जपानात झेंत्सुजीची चौकोनी टरबुजं म्हणूनच शोभेला विकली जातात.

याच डब्यात अडीच-तीन किलोचं वाण लावा. बाजू सपाट होतात, कोपरे थोडे गोल राहतात, पण फळ वेलावरच पिकतं. नागपूरच्या कळमना बाजारात कापून दाखवायचं असेल तर कोपऱ्यांचा मोह सोडलेलाच बरा.

फळ मुठीएवढं झालं की साच्यात घ्या. वेडंवाकडं नको, परागीकरण नीट न झालेलं फळ कोपरे सारखे भरत नाही. वेलावर एकच फळ ठेवा, पानं मात्र तोडू नका. फूल बसल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून बांधा, कारण डब्यातल्या फळावर बोटानं वाजवून अंदाज येत नाही. देठाजवळची बाळी, म्हणजे वेलाचा कुरळा तंतू, सुकली का तेच पाहायचं. ठिबकचं पाणी रोज सारखं द्या. ताणानंतर एकदम भरपूर दिलं की फळ फुटलंच समजा.

आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात बंद डबा भट्टीसारखा तापतो, साल भाजते. वेलाची पानं वर ओढा, कमी पडली तर थोडं कुटार (वाळला भुसा) टाका. आत घाम साचून फळ सडतं, म्हणून बुडाला भोकं हवीतच. नसतील तर पाडून घ्या आणि खाली वीट ठेवा.

काकडीला गोडीचा हा घोळ आड येत नाही. ती कोवळीच खायची, साखरेची वाट पाहायची नाही. बोटभर असताना साच्यात घाला आणि रोज बघा. पहिल्यांदा घेणाऱ्यानं काकडीचेच चार साचे घ्यावेत. टरबुजाचा घेताना बाहेरचं नव्हे, आतलं माप विचारा.